अंगार, कोळसा, अंगारा

घाटकोपर पूर्वेच्या ज्या इमारतीत माझी निवृत्तीनंतरची वर्षे चालली आहेत, तिच्या फाटकाशी, कुंपणाची भिंत आणि मीटरांची खोली यांच्यामध्ये जी चार हात जागा उरते, तेथे एक परीट सकाळपासून दिवेलागणीपर्यंत इस्त्री करीत उभा असतो. आसपासच्या बहुतेक इस्त्रीवाल्यांनी विजेची किंवा गॅसची इस्त्री पत्करली. याने मात्र वडिलांच्या हातची जड पितळी इस्त्री अद्याप सोडलेली नाही. गेल्या अंगारकीच्या दिवशी तो उशिरा आला. नाक्यावरच्या गणपतीच्या देवळातली रांग आटोपून आल्यामुळे त्याच्या कपाळावर अंगाऱ्याचे पांढुरके बोट उमटलेले होते. येताच त्याने गोणीतून दोन मुठी कोळसे काढले, पत्र्याच्या डब्यात पेटवले, ते फुलू लागले तसे चिमट्याने एकेक उचलून इस्त्रीच्या पोटात भरले, आणि झाकण लावण्यापूर्वी त्यांच्यावर एक लांब फुंकर घातली. नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पांढरी सुती साडी घेऊन खाली आल्या आणि त्याची बोटे पाहून म्हणाल्या, "अहो दादा, आधी हात तरी धुवा!"

"धुतलेलेच आहेत, वहिनी," तो म्हणाला, "देवळातच धुतले. आता कोळशाला हात लावल्यावर ते काळे होणारच की."

वहिनींनी साडी ठेवली आणि जाता जाता, कोणाला उद्देशून नव्हे अशा स्वरात, त्या पुटपुटल्या, "कोळसा तो कोळसाच."

त्या पुटपुटण्यात तिरस्कार नव्हता. आपल्या भाषेत शतकानुशतके मुरलेला एक निकाल तेवढा त्यांनी वाचून दाखवला. परंतु माझी नजर त्या माणसावर खिळून राहिली, कारण त्याच्या कपाळावर पांढरे, बोटांवर काळे आणि इस्त्रीच्या पोटात लाल, अशा एकाच द्रव्याच्या तीन अवस्था एकाच माणसापाशी एकाच क्षणी उभ्या होत्या. त्यांतली लाल ती कामाची, पांढरी ती वंदनीय, आणि काळी तेवढी धुऊन टाकायची. हा भेद द्रव्यात आहे की पाहणाराच्या दृष्टीत, आणि दृष्टीत असेल तर तो तेथे कसा शिरला, हा प्रश्न मी त्या दिवशी घरी घेऊन आलो.

अशा प्रश्नांची पहिली चौकशी शब्दांच्या दफ्तरात करावी. संस्कृतात 'अंगार' हा शब्द पेटलेल्या आणि न पेटलेल्या अशा दोन्ही कोळशांना चालतो; हितोपदेशात दुर्जनाच्या संगतीला अंगाराची उपमा देताना तो उष्ण असता पोळतो आणि थंड असता हात काळे करतो असे सांगितले आहे, म्हणजे त्या ग्रंथकाराच्या मनात तापलेला आणि निवालेला मिळून पदार्थ एकच होता आणि त्याचे नावही एकच होते. मराठीत उतरताना या एका नावाच्या वाटण्या झाल्या. प्राकृतातल्या 'इंगाल' रूपावरून आपला 'इंगळ' आला, आणि तो फक्त जळत्या निखाऱ्यापुरता राहिला. कपाळाला लावायच्या पवित्र राखेला आपण 'अंगारा' म्हणू लागलो. लालबुंद मंगळाला ज्योतिष्यांनी 'अंगारक' म्हटले, आणि मंगळवारी येणारी संकष्टी म्हणून अंगारकी झाली, तिच्यासाठी उपनगरांतली माणसे पहिल्या गाडीने प्रभादेवीची रांग गाठू लागली. लाल अवस्थेला नाव मिळाले, पांढऱ्या अवस्थेला नाव मिळाले, आकाशातल्या ग्रहालाही मिळाले. मधल्या काळ्या अवस्थेला मात्र या कुळातून नावच आले नाही. तिच्यासाठी वेगळाच शब्द ठेवला गेला: कोळसा.

हा शब्द कोठून आला याविषयी कोशकार जे सांगतात ते गमतीचे आहे. हिंदीतला कोयला आणि गुजरातीतला कोलसो ही त्याची भावंडे; प्राकृतात कोइल असे रूप सापडते; आणि संस्कृत कोशांत 'कोकिल' या शब्दाचा पेटता कोळसा असाही एक अर्थ नोंदलेला आहे. म्हणजे ज्या शब्दाने वसंतातल्या पक्ष्याचे नाव ठेवले त्याच ध्वनींनी कोळशाचेही ठेवले. इंग्रजीतल्या 'कोल' शब्दाचा जुना अर्थही धगधगता निखारा असाच होता, आणि खाणीतला दगडी कोळसा त्या नावाखाली मागाहून आला. लॅटिनमधल्या 'कार्बो'चा अर्थ कोळसा. त्यावरून अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझियेने मूलद्रव्याला नाव दिले, आणि आपल्या शास्त्रलेखकांनी त्याच्या ध्वनीला संस्कृताचा पोशाख चढवून 'कर्ब' केले. निरनिराळ्या लोकांनी कोळशाला नाव देताना त्याची ओळख विस्तवावरून करून घेतली होती. काळेपणावरून ती करून घेण्याची आपली सवय त्यामानाने वरवरची म्हणावी लागते, आणि त्या सवयीने घडवलेली म्हण तर प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते: कोळसा उगाळावा तितका काळाच.

या म्हणीत एक तत्त्वज्ञान दडलेले आहे. तिचे म्हणणे असे की प्रत्येक वस्तूला एक स्वभाव असतो, तो घासण्याने, धुण्याने, उपदेशाने पालटत नाही, उलट जितके खोल जावे तितका तो अधिकच उघडा पडतो. माणसांविषयी, घराण्यांविषयी आणि दुर्दैवाने जातींविषयीही आपण हा दाखला इतक्या सहजपणे देतो, की कोळशाने ही साक्ष खरोखर दिली होती काय, याची उलटतपासणी करण्याची तसदी कोणी घेत नाही. ती करायची तर प्रथम कोळसा म्हणजे काय हे पाहिले पाहिजे.

लाकडी कोळशाला आपल्याकडे वखारीत 'लोणारी कोळसा' म्हणतात. मीठ, चुना आणि कोळसा यांवर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका केली त्या लोणारी समाजाचे नाव त्या मालाला चिकटले आहे. त्याची भट्टी ज्याने पाहिली असेल त्याला ती चितेसारखी दिसली असेल, पण तिचे काम चितेच्या उलट असते. लाकडे तोडून, सारख्या लांबीची करून, घुमटासारखी रचतात. त्यांवर गवत व पालापाचोळा पसरून वरून ओल्या मातीचा लेप देतात. एका तोंडाने विस्तव आत सोडतात, आणि मग दिवसच्या दिवस कोणीतरी तिच्याभोवती जागत राहतो, कारण माती कोठे तडकली आणि वारा आत शिरला तर आतल्या मालाची राख होऊन सारी मेहनत फुकट जाते. लाकूड तापते पण त्याला पुरती हवा मिळत नाही. आधी ओल जाते, मग वायू आणि डांबर निघून जातात, आणि पाच मण लाकडामागे जेमतेम मणभर काळा, हलका, टिचकी मारली तर खणखणणारा पदार्थ उरतो. त्याच्यातली ज्वाला निघून गेलेली असते, परंतु जळण्याची शक्ती शाबूत असते. किंबहुना लाकडात होती त्याहून ती आटून दाट झालेली असते. तेव्हा काळेपणा हा कोळशाचा जन्मजात स्वभाव म्हणता येत नाही, कारण त्याचे लाकूड काळे नव्हते. आणि तो त्याचा शेवटही नव्हे, कारण वारा मिळताच तो लाल होणार आहे आणि लाल होऊन गेल्यावर पांढरा. श्वास कोंडून धरलेला अग्नी जेथे थांबतो त्या मुक्कामाचा तो रंग आहे. म्हणीने या मुक्कामालाच गाव समजून त्याची जमाबंदी करून टाकली.

मुंबईच्या उपनगरांत माझ्या पिढीचे बालपण या मुक्कामाच्या अगदी शेजारी गेले. मुलुंडला आमच्या चाळीपासून पन्नास पावलांवर वखार होती. तिच्या मालकाचे फक्त दात आणि डोळ्यांतली बुबुळांभोवतीची जागा पांढरी दिसे, आणि तराजूच्या एका पारड्यात लोखंडी वजने व दुसऱ्यात कोळसे टाकताना जो कोरडा, कुरकुरीत आवाज होई तो मला आजही ओळखता येईल. गोणीच्या तळाशी राहिलेली चुरी आई फुकट जाऊ देत नसे. ती शेणमातीत कालवून तिचे गोळे गच्चीवर वाळत घातले जात. संध्याकाळी गॅलरीत एकेका दारासमोर शेगडी पेटे, आणि घराघरांतली फुंकणी व विंझणा यांची स्पर्धा लागे. एखाद्या घरी काड्या संपल्या असल्या तर शेजारच्या शेगडीतला एक निखारा पळीत घालून नेला जाई, आणि त्या निखाऱ्याने देणाऱ्याचे काही कमी होत नसे, ही गोष्ट वेदान्त वाचण्यापूर्वीच आम्हांला ठाऊक झालेली होती. पुढे रॉकेलचा स्टो आला, मग गॅस आला. कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंतची लोहमार्गावरची गाडी तर त्याच्या कितीतरी आधी, 5 जानेवारी 1928 रोजीच, कोळसा सोडून विजेवर धावू लागली होती.

घरातल्या कोळशाची दोन कामे मात्र स्वयंपाकाच्या पलीकडची होती. बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवून तिच्यावर ओवा, बाळंतशेपा आणि चिमूटभर धूप टाकला जाई, आणि त्या उबदार, कडवट धुरात नव्या जिवाचे पहिले काही आठवडे सरत. आणि त्याच घरातून कोणी कायमचे निघाले, तर तिरडीपुढे मुलाच्या हातात मडके असे व त्यात घरून नेलेला विस्तव असे. येण्याच्या वेळी खाटेखाली आणि जाण्याच्या वेळी तिरडीपुढे असा हा एकच सोबती. परंतु दोन्ही वेळा तो लाल असतानाच त्याला प्रवेश होता. काळा असताना त्याची जागा मोरीजवळच्या डब्यात.

आपले जुने धर्मग्रंथ या बाबतीत आपल्याइतके सोवळे नव्हते. अग्निहोत्री गार्हपत्य अग्नीतून निखारे बाजूला काढून त्यांवर आहुतीचे दूध तापवीत असे. छांदोग्य उपनिषदातल्या पंचाग्निविद्येत प्रत्येक अग्नीची समिधा, धूर, ज्वाला, निखारे आणि ठिणग्या क्रमाने सांगताना द्युलोकरूपी अग्नीचा निखारा म्हणून चंद्राचे नाव घेतले आहे: सूर्याचा दिवस जळून गेल्यावर जे मंद तेजाने उरते ते. परंतु सर्वांत विलक्षण हकिगत ऐतरेय ब्राह्मणात आहे. प्रजापतीच्या रेताला देवांनी अग्नीने वेढले, त्यातून अनेकांची उत्पत्ती झाली, त्या प्रसंगी जे निखारे होते ते अंगिरस ऋषी झाले. जे निखारे शांत होऊन पुन्हा उजळले त्यांतून बृहस्पती झाला. विझून काळे पडले होते त्यांचे काळे पशू झाले. आणि जी राख होती तिच्यातून गवे, हरणे, उंट आणि गाढवे निघून इतस्ततः पांगली. या वाटणीकडे जरा थांबून पाहावे. ज्या राखेला आज आपण कपाळावर स्थान देतो तिच्या वाट्याला येथे उंट आणि गाढवे आली आहेत. ज्या काळ्या कोळशाला आपण हात लावीत नाही त्याच्या वाट्याला घरचे पशुधन आले आहे. आणि देवांचा गुरू, वाणीचा स्वामी, कोणत्या निखाऱ्यापासून झाला, तर अखंड जळत राहिलेल्यापासून नव्हे. एकदा शांत होऊन पुन्हा पेटलेल्यापासून तो झाला. वाणी आणि ज्ञान यांचे मूळ त्या ब्राह्मणकाराने अशा जागी का ठेवले असावे, याचे उत्तर मला दुसऱ्या एका कथेत सापडते.

उद्दालक आरुणीने आपला मुलगा श्वेतकेतू याला पंधरा दिवस अन्न वर्ज्य करायला सांगितले. पाणी मात्र हवे तितके पिण्याची मुभा होती. सोळाव्या दिवशी मुलगा समोर आला तेव्हा बापाने त्याला ऋचा, यजू आणि सामे म्हणायला सांगितली. बारा वर्षे गुरुगृही राहून सारे वेद शिकून आलेला तो तरुण म्हणाला की मला काहीच आठवत नाही. तेव्हा उद्दालक त्याला समजावतो, की मोठ्या अग्नीतला काजव्याएवढा एकच निखारा शिल्लक राहावा आणि त्याने फारसे काही जाळता येऊ नये, तशी तुझ्या सोळा कलांपैकी एकच उरली आहे. जा, जेवून ये. श्वेतकेतू जेवतो, आणि सारे त्याला आठवते. त्याच काजव्याएवढ्या निखाऱ्यावर गवत घालून तो प्रज्वलित करावा तसे. या कथेचा रोख मन अन्नमय आहे हे सांगण्याकडे आहे, हे खरे. पण मला तिच्यातले दुसरे काही अधिक मोलाचे वाटते. सोळाव्या दिवशी त्या मुलाची परीक्षा घेणाऱ्या कोणाही तिऱ्हाइताने, याने काही अध्ययन केलेले नाही, असाच दाखला दिला असता. बाहेरून पाहणाऱ्याला विस्मरण आणि अज्ञान यांत भेद करता येत नाही, जसा दुरून पाहणाऱ्याला विझलेला कोळसा आणि काळा दगड यांत करता येत नाही. तो भेद फक्त त्याला कळतो ज्याच्याजवळ गवताची काडी आणि फुंकर घालण्याइतकी सबुरी आहे.

स्मृतीचा आणि कोळशाचा हा संबंध अलीकडच्या विज्ञानाने अगदी शब्दशः खरा केला आहे. लाकूड कुजते, राख वाऱ्यावर जाते. कोळसा मात्र मातीत हजारो वर्षे तसाच पडून राहतो, कारण त्याला खाऊन पचवणारे जीव फारसे नाहीत. 1949 साली अमेरिकेत लिबी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कर्बावरून काळ ठरवण्याची रीत मांडली. हा कर्ब 5730 वर्षांत निम्मा होतो, तेव्हा किती उरला यावरून झाड केव्हा मेले हे सांगता येते. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने साठच्या दशकात अशी प्रयोगशाळा चालवली आणि देशभरच्या उत्खननांतून आलेल्या नमुन्यांच्या तारखा प्रसिद्ध केल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने घोड नदीच्या काठी इनामगावची वस्ती खणून काढली, तिचा काळ ख्रिस्तपूर्व सोळाव्या शतकापासून सातव्या शतकापर्यंत ठरला, तो अशाच कर्बाच्या साक्षीने. त्या वस्तीतल्या कोणा बाईने एका संध्याकाळी चूल अर्धवट विझवली असेल. तिचे नाव, तिची भाषा, तिचे देव यांतले काही आपल्यापर्यंत आले नाही, पण तिच्या घरचा विस्तव कोणत्या शतकातला होता हे मात्र आले. पुरते जळून गेलेले लाकूड ही साक्ष देऊ शकले नसते.

म्हणीची उलटतपासणी येथवर आली असताना, काळच आपल्या खुशीने तिची थट्टा करू लागला आहे हेही नमूद केले पाहिजे. घाटकोपरच्या आणि मालाडच्या मोठ्या दुकानांत 'चारकोल' नावाचा साबण आणि मुखलेप मिळतो. कोळसा उगाळून चेहरा उजळ करण्याची ही तजवीज पाहून म्हण रचणाऱ्या पूर्वजाने काय म्हटले असते कोण जाणे. उजळपणाचे ते आश्वासन किती खरे याच्या खोलात मी शिरत नाही. पण स्वयंपाकघराच्या भिंतीवरल्या पाणी गाळायच्या यंत्रात विशेष रीतीने तयार केलेला कोळसा असतो, आणि विषबाधा झालेल्याला इस्पितळात तोच पाण्यात कालवून पाजतात, हे पक्के खरे आहे. त्या एका ग्रॅमभर भुकटीच्या सूक्ष्म छिद्रांच्या भिंती पसरून मोजल्या तर पाचशे चौरस मीटरांहून अधिक भरतात, आणि पाण्यातली घाण तेथे जाऊन चिकटते. ज्याला आपण मलिनतेचे नाव दिले तो दुसऱ्यांचा मळ आपल्या अंगात जिरवून घेतो आणि स्वतःचा रंग बदलत नाही. हिऱ्याचा आणि कोळशाचा दाखला शाळेच्या फळ्यापासून राजकीय सभांपर्यंत वापरून आता गुळगुळीत झाला आहे. त्यापेक्षा हे गाळणे मला अधिक बोलके वाटते, कारण हिऱ्याच्या दाखल्यात कोळशाची लायकी त्याने कोळसा न राहण्यावर अवलंबून ठेवलेली असते.

तरीही हात काळे होतात ही गोष्ट शिल्लकच राहते, आणि तिची वासलात कविकल्पनेने लावता येणार नाही. कोळशाच्या दलालीत हात काळे, असे आपण म्हणतो तेव्हा दलालाचे हात मनात असतात. वस्तुतः दलालाचे हात बहुधा स्वच्छच असतात. घाटकोपर आणि मुलुंड ही ज्यांची उपनगरे म्हणून ओळखली जातात त्या जैन बांधवांच्या शास्त्रात श्रावकाने टाळावयाचे पंधरा धंदे सांगितले आहेत. उपासकदशांगात आनंद श्रावकाच्या व्रतांच्या संदर्भात त्या 'कर्मादानां'ची यादी येते आणि तिच्यात पहिलेच नाव आहे इंगालकर्माचे, म्हणजे कोळसा पाडून त्यावर जगण्याचे. झाड, माती, अग्नी, हवा, यांत ज्यांना जीव दिसतो त्यांना भट्टीइतके हिंस्र काही वाटू नये यात नवल नाही. पण तेच शास्त्र येथे थांबत नाही. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसरा करीत असता ज्याला संमती दिली ते, अशी पापाची तिहेरी मोजणी करून ते खरेदीदारालाही जाब विचारते. ही मोजणी फार अवघड जागी नेऊन ठेवणारी आहे, आणि ती केवळ जैनांसाठी आहे असे समजून बाकीच्यांनी सुटका करून घेण्यात अर्थ नाही.

कारण आमच्या चाळीतल्या शेगडीत जो कोळसा पेटत असे तो ठाण्याच्या आणि त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याच्या रानांतून आलेला असे, आणि तो बऱ्याच अंशी कातकऱ्यांच्या हातचा असे. काथ करण्यावरून ज्यांचे नाव पडले त्या कातकऱ्यांचे रान जसजसे सरकारी झाले आणि काथाचा धंदा बसला, तसतसे ते कोळशाच्या भट्ट्यांकडे ओढले गेले. दिवाळीनंतर उचल घेऊन अख्खे कुटुंब भट्टीवर जायचे, पावसाच्या तोंडाशी परतायचे, आणि हिशोब झाला की उचल फिटलेली नसायची. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली. उचलीचा तो जमाखर्च मात्र पुष्कळ ठिकाणी कायद्याला चुकवून चालूच राहिला. त्या भट्टीभोवती जागणाऱ्या बाईचे हात काळे, तिच्या मुलाचे खोकून खोकून पोट दुखलेले, आणि त्या कोळशावर ज्याने धूप घातला त्याच्या कपाळावर अंगारा पांढरा. आपल्या भाषेने एका द्रव्याला जी वेगळी वेगळी नावे दिली त्यांचे गूढ मला येथे उकलल्यासारखे वाटते. लाल अवस्था ही पुरोहिताच्या आणि गृहिणीच्या नजरेसमोरची, पांढरी अवस्था ही भक्ताच्या कपाळावरची. काळी अवस्था मात्र रानात, वखारीत आणि गोणीत, म्हणजे जेथे दुसरा कोणी तो हाताळतो तेथली. जे आपल्या हातांना लागत नाही त्याचे नाव आपण घराबाहेर ठेवले.

बोरिवलीच्या रानातल्या कान्हेरीच्या लेण्यांना मी दोन-चार वर्षांनी एखादी फेरी घालतो. ज्या डोंगरात ती कोरली त्याचे जुने नाव कृष्णगिरी, काळा डोंगर. त्या काळ्या पाषाणातच भिक्षूंनी शतकानुशतके आपले विहार आणि पाण्याच्या टाक्या खोदल्या, आणि तेथल्या एका लांब ओसरीवजा कपारीत दिवंगत भिक्षूंच्या स्मरणार्थ उभारलेल्या विटांच्या लहान स्तूपांचे अवशेष रांगेने आहेत. तेथे उभे असताना मला महापरिनिर्वाणसूत्रातले एक उशिरा आलेले मंडळ आठवते. बुद्धाच्या अस्थींचे आठ भाग होऊन वाटप संपले, ज्या घटाने ते मोजले तो घट द्रोण ब्राह्मणाने मागून घेतला, आणि त्यानंतर पिप्फलीवनाचे मोरिय येऊन पोहोचले. देण्यासारखे काही उरले नव्हते. तेव्हा त्यांना चितेतले निखारे दिले, ते घेऊन ते घरी गेले आणि त्यांवर त्यांनी स्तूप बांधला. अस्थी मिळाल्या त्यांची योग्यता मोठी आणि कोळसे मिळाले त्यांची लहान, असा हिशोब त्या सूत्रात कोठे केलेला नाही. दहा स्तूप झाले एवढेच ते सांगते. पिप्फलीवनाला वाहून नेईपर्यंत ते निखारे विझून काळे झाले असणार. त्या माणसांनी हात काळे करून घेतले आणि ते घेऊन गेले.

आता या शहरातून कोळशाची पाठवणी चालू आहे. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाचा विचार करून लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्या आणि उपाहारगृहे यांना गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत घालून दिली. हुकूम योग्यच आहे. ज्यांची छाती भरून येते त्या मुलांच्या बाजूने कोणीतरी बोलायलाच हवे होते, आणि भट्टीवरच्या मुलांच्या बाजूने तो आपोआपच थोडा बोलला असेल. मला हळहळ इंधनाची वाटत नाही. ज्या पदार्थाच्या अंगी विझून पुन्हा पेटण्याचा गुण डोळ्यांसमोर रोज दिसत होता तो दिसेनासा झाल्यावर आपल्या हाती केवळ म्हण राहील, आणि तिची उलटतपासणी घेणारा साक्षीदार उरणार नाही, ही धास्ती वाटते. गॅसची ज्योत एक तर असते किंवा नसते. तिला काळी अवस्था नाही, म्हणून तिच्यापासून धीर धरायला शिकता येत नाही.

त्या अंगारकीच्या संध्याकाळी चंद्रोदयाची वाट पाहत मी फाटकाशी येऊन उभा राहिलो, तेव्हा परीट आवराआवर करीत होता. वहिनींची साडी घडी होऊन, एकही डाग न पडता, वरच्या फळीवर ठेवलेली होती. त्याने इस्त्रीचे झाकण उघडले. आत अर्धे अधिक निखारे अजून लाल होते आणि त्यांच्यावर राखेचा पातळ पापुद्रा चढला होता. चिमट्याने ते त्याने एका पत्र्याच्या डब्यात टाकले आणि वर घट्ट झाकण बसवून त्यावर एक वीट ठेवली.

"इतके चांगले फुललेले होते," मी म्हणालो, "कशाला कोंडता?"

"तसेच ठेवले तर रात्रीत राख होईल की, काका," तो म्हणाला, आणि हात झटकत त्याने डब्याला कान लावला. आत काहीतरी बारीक तडतडत होते. मग ते थांबले. "झाले. सकाळी पुन्हा हेच."